बफर कांद्याच्या दोन वह्या: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली



२० ऑक्टोबर २०२४ रोजी लासलगावचा १,६०० टन कांदा घेऊन एक मालगाडी दिल्लीच्या किशनगंज स्थानकात पोचली. ‘कांदा एक्स्प्रेस’ म्हणून तिचं कौतुक झालं. त्या वेळी आपल्या खात्याने एक हिशेबही जाहीर केला होता. नाशिक ते दिल्ली एका रेकचा, म्हणजे अख्ख्या मालगाडीचा, वाहतूक खर्च ७०.२० लाख रुपये, आणि तोच माल ५६ ट्रकांनी नेला तर ८४ लाख. म्हणजे रेकमागे १३.८० लाखांची बचत. सरकारी खात्याने आपणहून इतका स्वच्छ आकडा मांडावा, हे क्वचित घडतं. तो मी वहीत उतरवून ठेवला, आणि हे पत्र त्याच आकड्यावरून सुचलं.

माझं काम माल-नियोजनाचं. कारखान्यात साठा किती धरायचा, तो कुठे ठेवायचा, कधी आणि कशाने हलवायचा, याची रोजची कटकट म्हणजे माझी नोकरी. घरची शेती निफाड तालुक्यात, तिथे उन्हाळ कांदा. त्यामुळे आपला बफर साठा, म्हणजे भाव चढले की बाजारात उतरवायला सरकार घेऊन ठेवतं तो कांदा, मला दोन्ही बाजूंनी दिसतो. बफर मुळात असावा का, तो बाजारात उतरवला की आमचे भाव पडतात त्याचं काय, यावर आमच्याकडचा कुणीही माणूस आपल्याशी रात्रभर भांडेल, आणि त्याने भांडावंच. आज तो विषय बाजूला ठेवतो. साठा तुम्ही करणारच आहात. २०२३ मध्ये ३ लाख टनांचं लक्ष्य वाढवून ५ लाख केलं, २०२४ मध्ये ४.७ लाख टन घेतला, २०२५ साठी पुन्हा ३ लाख ठरवला. एवढा मोठा, एवढा नाशवंत आणि जनतेच्या पैशातला साठा कोणत्या हिशेबाने चालवायचा, एवढंच मला बोलायचं आहे.

१३.८० लाखांना १६ लाख किलोंनी भागा. किलोमागे ८६ पैसे येतात. हे झालं गाडीत चढलेल्या किलोचं. माझी विनंती आहे की बफरचा सगळा हिशेब ताटात पडलेल्या किलोवर मांडावा, आणि रुपयांच्या शेजारी कार्बनचीही वही ठेवावी. दोन्ही वह्या शेजारी-शेजारी ठेवल्या की काही ठिकाणी त्या एकमेकींशी भांडतात. नियोजनाचं खरं काम त्या भांडणाच्या जागी असतं.

आधी रस्ता. नाशिकहून दिल्ली साधारण १,३०० किलोमीटर. २८-२९ टन भरलेला ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असं धरलं तर एका फेरीला ३७० लिटर डिझेल लागतं. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक ट्रक, एक फेरी, जवळजवळ एक टन. ५६ ट्रकांचे ५६ टन, आणि यात परतीचं डिझेल धरलेलं नाही. किलोभर कांद्यामागे ३५ ग्रॅम पडतात. तोच माल विजेच्या इंजिनाने ओढला तर, आपली वीज बहुतांश कोळशाची आहे हे जमेस धरूनही, माझ्या ढोबळ गणिताने १५-१६ टन होतात. रेकमागे ४० टन वाचतात, किलोमागे २५ ग्रॅम. हे आकडे माझ्या गृहीतांवर उभे आहेत. खात्याकडे प्रत्यक्ष डिझेलची बिलं असतील, त्यांनी ते खुशाल दुरुस्त करावेत.

आता चाळ, म्हणजे कांदा साठवायची जागा. रब्बीचा कांदा चार-सहा महिने साठवला की ३० ते ४० टक्के घट येते, हे कांदा पिकवणाऱ्या कुणालाही विचारा. २५ रुपये किलोने घेतलेला कांदा ३० टक्के घटीनंतर ३५ रुपये ७१ पैशांना पडतो. किलोमागे दहा रुपये एकाहत्तर पैसे घटीत गेले, आणि आपण जाहीर केलेली बचत ८६ पैशांची. घट ३० वरून २० टक्क्यांवर आणली तरी किलोमागे साडेचार रुपये हाती लागतात. रेल्वेने जे वाचतं त्याच्या पाचपट.

कार्बनच्या वहीत मात्र क्रम उलटा लागतो. शेतातला खर्च, म्हणजे युरिया, विहिरीवरचा पंप, ट्रॅक्टर, हे मी किलोला १०० ग्रॅम धरले. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांच्या २०१८ च्या जागतिक अभ्यासात कांद्याचा आकडा किलोला अर्ध्या किलोच्या आसपास आहे, पण त्यात दुकानापर्यंतचं सगळंच येतं, म्हणून मी हात राखून बोलतोय. ३० टक्के घट म्हणजे खाल्ल्या गेलेल्या प्रत्येक किलोमागे ४३० ग्रॅम कांदा उगाच पिकवला. त्याचे ४३ ग्रॅम, म्हणजे दिल्लीपर्यंतच्या ट्रकपेक्षा जास्तच. घट २० टक्क्यांवर आली तर ते २५ ग्रॅम उरतात, वाचतात १८. रेल्वेने वाचतात २५. म्हणजे रुपयांची वही सांगते आधी चाळ सुधारा, आणि कार्बनची वही सांगते आधी रेक भरा. दोन्ही खरं बोलतात. एकच वही ठेवणारा अधिकारी अर्धंच काम करेल आणि त्याला ते कळणारही नाही.

चाळ म्हणजे काय हे कृषी भवनातून दिसत नसेल, म्हणून सांगतो. एप्रिलमध्ये कांदा उपटला की पातीसकट शेतातच सुकवतात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा. मग बोटभर मान ठेवून पात कापतात. मान नीट सुकली नाही तर सड तिथूनच आत शिरते. चाळीला खालून आणि बाजूंनी हवा खेळायला हवी. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने तशी चाळ बांधायची रीत केव्हाच सांगून ठेवली आहे. पहिले दोन-अडीच महिने जी घट येते ती बरीचशी पाणी उडून जाण्याची. पावसाळ्याची दमट हवा शिरली की काळी बुरशी धरते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला कोंब फुटायला लागतात. सप्टेंबरात चाळीची एक बाजू उघडली की वरचा थर कोरडा खणखणीत असतो. हात आत घालावा तसा ओलावा लागतो, आणि तळाच्या फळ्या रसाने काळ्या झालेल्या असतात. एक कांदा मऊ पडला की त्याचा रस खालच्या चौघांवर गळतो. निवडायला बसलेल्या बायका कांदा डोळ्यांनी कमी आणि अंगठ्याने जास्त बघतात. मानेवर अंगठा दाबला आणि तो जरासा आत गेला, की कांदा बाजूच्या ढिगात. चांगला, बारीक गोल्टी, कोंबाचा, सडका असे चार ढीग. या बायकांचा वेग पाहून मला कारखान्यातल्या तपासणी विभागाची कीव येते.

हे तपशिलाने सांगितलं, कारण आपल्या साठ्याचा सर्वांत मोठा कार्बन-निर्णय याच निवडीत होतो. न निवडता भरलेल्या गोणीत दहा टक्के सडका माल असेल, तर रेकमधला १६० टन कांदा आपण दिल्लीच्या कचऱ्यात टाकायला १,३०० किलोमीटर नेतो. त्याचं भाडं सात लाख रुपये. तिथे तो कचऱ्याच्या डोंगरात दबला की त्यातून मिथेन निघतो. सडायचा तो कांदा निफाडलाच सडू दे, खत तरी होईल. पण साठवणुकीचं कंत्राट चढवलेल्या टनावर पैसे देत असेल, तर माल बाजूला काढण्यात कुणाचंच हित नसतं. निवडीची मजुरी भाड्यापुढे किरकोळ असते, तरी काटकसर नेमकी तिथेच होते.

याच कारणासाठी साठा ग्राहकाजवळ हलवण्याच्या कल्पनेबद्दल मला शंका आहे. कारखान्याच्या मालाला ती छान लागू पडते: आधीच जवळ नेऊन ठेवा, मग घाईची महागडी वाहतूक टळते. कांद्याचं तसं नाही. जूनमध्ये दिल्लीला नेलेला कांदा ऑक्टोबरपर्यंत जे पाणी गमावणार, त्याचंही भाडं आपण भरलेलं असतं. घट मुळाशी, म्हणजे नाशिकलाच होऊ द्यावी आणि उरलेला, निवडलेला माल हलवावा. अपवाद ईशान्येचा. तिथला रस्ता लांब आणि बेभरवशाचा, त्यामुळे थोडा साठा आधी तिकडे असणं शहाणपणाचं.

आता रेक आणि ट्रक यांच्या भांडणाकडे येतो. रेल्वे स्वस्त आणि स्वच्छ आहे, तर व्यापारी आजही ट्रकच का बोलावतो? त्याला अडाणी समजू नका. १,६०० टन म्हणजे ५० किलोच्या ३२ हजार गोणी. त्या गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून स्टेशनच्या फलाटावर, तिथून डब्यात. दिल्लीला पुन्हा उलट्या क्रमाने. ट्रकला हमाली दोनदा, रेकला सहा वेळा, आणि प्रत्येक आदळआपटीत काही कांदे ठेचतात. भरायला ठरलेले तास उलटले की डेमरेजचा दंड. डबे धान्य-सिमेंटसाठी बांधलेले, बंद; कांदा तर श्वास घेतो, स्वतःची उष्णता सोडतो. गाडी वाटेत बाजूला घेऊन दीड दिवस उभी केली तर आत काय होतं, ते गोणी उघडल्यावरच कळतं.

याचा हिशेब मांडून बघा. चांगल्या कांद्याची किंमत किलोला ३० रुपये धरा. रेकमध्ये ट्रकपेक्षा ३ टक्के जास्त नासाडी झाली, म्हणजे ४८ टन, तर १४.४० लाख रुपये गेले. तुमची १३.८० लाखांची सगळी बचत त्या तीन टक्क्यांत संपली. कार्बनच्या वहीत मात्र ४८ टनांची नासाडी म्हणजे पिकवण्याचे जेमतेम ५ टन. कचऱ्यातला मिथेन धरून दुप्पट-तिप्पट केले तरी रेल्वेने वाचवलेले ४० टन भारीच पडतात. रेल्वेची कार्बन-बचत दणकट आहे. पैशाची बचत नाजूक आहे, एका उशिरा सुटलेल्या गाडीने मोडणारी.

इथे कुणी म्हणेल, कार्बनला किंमत लावा, म्हणजे गणित आपोआप रेल्वेकडे झुकेल. मी करून पाहिलं. नासाडीत संपलेली १४ लाखांची बचत ४० टन कार्बनने परत मिळवायची तर टनाला ३५ हजार रुपये भाव लागेल. असा भाव जगात कुठल्या बाजारात चालू आहे? अनुदानही मला टिकाऊ वाटत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी पहिली किसान रेल आमच्या देवळालीहूनच दानापूरला सुटली होती. भाड्यात निम्मी सवलत मिळाली, डाळिंब-कांदा-द्राक्षं गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सवलत आटली तशा गाड्याही आटल्या. तेव्हा तो पैसा भाड्यात न घालता डब्यात घाला. जाळीच्या खिडक्यांचे, हवा खेळणारे डबे, भरणीसाठी छप्पर असलेला फलाट, आणि ठरलेल्या तासांत पोचवण्याची रेल्वेची लेखी हमी. नासाडी तीन टक्क्यांवरून एकावर आली की भांडण मिटतं, आणि त्यासाठी कार्बनचा भाव काढत बसावं लागत नाही. रेल्वे मंत्रालय हे आपल्या सांगण्याने करेल का, हा मात्र प्रश्न आहे. दोन खात्यांमधलं अंतर कधीकधी नाशिक-दिल्लीपेक्षा जास्त असतं.

शीतगृहांबद्दल आणि विकिरणाबद्दलही सध्या फार उत्साह आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘कांदा महाबँके’ची घोषणा केली. आपल्या खात्यानेही बफरच्या कांद्यावर विकिरणाचे प्रयोग केले. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही, आणि तेही कांदा काढणीनंतर लवकर, आतला कोंब झोपेत असतानाच विकिरण झालं तर. शीतगृहाचं गणित सरळ आहे. टनामागे महिन्याला १५ युनिट वीज लागते असं धरा. जुनं, गळकं शीतगृह याहून जास्त खातं. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन. पाच महिन्यांचे किलोमागे ५२ ग्रॅम. आणि सबंध चाळीतली घट ४३ ग्रॅमची होती! म्हणजे सगळा बफर मेपासून गारठवून ठेवला, तर शीतगृहाचं भाडं भरूनही पैशाची वही कदाचित खूश होईल. कार्बनची वही तोट्यात जाईल.

म्हणून माझं म्हणणं असं की शीतगृह फक्त शेपटासाठी वापरावं. जो कांदा जुलै-ऑगस्टमध्येच विकायचा आहे, त्याला चांगली चाळ पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागणारा भाग आधीच वेगळा काढून, विकिरण करून ठेवावा आणि पावसाळ्याने जोर धरला की दोन महिन्यांपुरता गार करावा. तेव्हा किलोमागे २१ ग्रॅम लागतात आणि वाचते ती सर्वांत वाईट महिन्यांतली घट. एक काळजी मात्र घ्यावी लागते. शीतगृहातून काढलेल्या कांद्याला घाम सुटतो, त्याला हवेवर सुकवल्याशिवाय गोणीत भरू नये. नाहीतर दोन महिने वीज जाळून शेवटी ओला कांदा बंद डब्यात कोंडायचा, असा उद्योग होईल.

राहता राहिला प्रश्न खेपांचा. १९१३ मध्ये फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने एका वेळी किती माल करावा याचं सूत्र लिहिलं, आणि शंभर वर्षं आम्ही माल-नियोजनवाले तेच घोकतो आहोत. त्या सूत्राचा एक गुण वर्गात घाईत सांगितला जातो: त्याचा तळ सपाट असतो. नेमक्या सर्वांत स्वस्त खेपेपेक्षा २५ टक्के मोठी खेप केली तर खर्च फक्त अडीच टक्के वाढतो, आणि फेऱ्या २० टक्क्यांनी कमी होतात. २०१३ मध्ये सैफ बेंजाफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जुन्या सूत्रांत कार्बन घालून पाहिला आणि निष्कर्ष काढला की नवं यंत्र न आणताही, नुसत्या मागणीच्या तारखा आणि प्रमाण हलवून, खर्च फारसा न वाढता उत्सर्जन कमी करता येतं. एका शहराला सोमवारी तीन अर्धे ट्रक, गुरुवारी दोन, अशी वाटप-पत्रं निघत असतील, तर ती आठवड्याला एकदा, भरल्या ट्रकांची काढावीत. दिल्लीनंतर चेन्नई, गुवाहाटीकडे ८४० टनांचे छोटे रेकही गेले. मला ते पूर्ण रेकपेक्षा जास्त शहाणपणाचे वाटतात, कारण मध्यम शहराला १,६०० टन एकदम उतरवले तर ते तिथल्या गोदामातच सडायला लागतात. टनामागे भाडं थोडं जास्त पडेल, पडू द्या. हॅरिसच्या सूत्रातला माल नासत नव्हता, आपला नासतो. त्यामुळे तो सपाट तळ आपल्याला आहे, पण अरुंद आहे. पाच-सहा दिवसांत ज्या शहरात जेवढा कांदा विकला जाईल, तेवढीच तिथली खेप.

आमच्याकडच्या खरेदीचं थोडं. बफरचा कांदा शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून आणि सहकारी संस्थांकडून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी महासंघांमार्फत येतो. या दोन्ही संस्थांनी हंगामाच्या शेवटी किती टन घेतला आणि किती विकला हे सांगितलं तरी मधला महिना-महिना अंधारातच राहतो. जूनमध्ये किती घटला, ऑगस्टमध्ये किती, कुठल्या तालुक्यातली चाळ टिकली, कुठली गळली, किती सडका नाशिकला काढला आणि किती दिल्लीत, हे कळल्याशिवाय माझे १०० ग्रॅम आणि १५ युनिट ही नुसती गृहीतंच राहणार, आणि तुमचे ८६ पैसेही. हे आकडे प्रत्येक गोदामाच्या रजिस्टरात असतात. ते गोळा करायला नवी समिती नको, फक्त ते दर महिन्याला जाहीर करण्याची अट पुढच्या करारात हवी. त्याच करारात साठवणुकीचे पैसे चढवलेल्या टनावर न देता, पोचल्यावर विक्रीयोग्य निघालेल्या टनावर द्यावेत. सुरुवातीला कंत्राटदार कुरकुरतील आणि दर वाढवून मागतील. किलोमागे रुपया वाढवून दिला तरी साडेचार रुपयांच्या पुढे तो स्वस्तच आहे.

निफाड, येवला, चांदवडला चाळी एप्रिलच्या अखेरीस भरायला लागतात. करारात हे दोन बदल करायचे असतील तर ते मार्चच्या आत व्हायला हवेत. मे उजाडला की कांदा चाळीत गेलेला असतो आणि मग वर्षभर जुनाच हिशेब चालतो.

आपला,
नाशिक जिल्ह्यातला एक माल-नियोजक आणि कांदा उत्पादक